बोटीवर आतली, बिनखिडकीची खोली घ्यावी का? वरुड-मोर्शीकडे नेहमी विचारले जाणारे प्रश्न

संत्र्याचा सौदा झाला, कापसाचे पैसे हाती आले की आमच्या भागात फिरायला जायच्या गोष्टी निघतात. पूर्वी अष्टविनायक, पंढरपूर, फार तर काशी. आता मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीचं नाव निघतं. मी वरुडहून लहान सहली नेतो. बोटीवर चार वेळा जाऊन आलो, त्यात तीन वेळा आतल्या खोलीत राहिलो. लग्नात, बाजारात, एसटी स्टँडवर लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी लिहितो आहे. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत.

आतली खोली म्हणजे नेमकी कुठली?

बोटीच्या प्रत्येक मजल्यावर दोन्ही बाजूंनी लांबच लांब बोळ असतात. बोळाच्या बाहेरच्या अंगाला, समुद्राकडे, खिडकीच्या किंवा बाल्कनीच्या खोल्या. आतल्या अंगाला, म्हणजे बोटीच्या पोटात, ज्या खोल्या उरतात त्यांना खिडकी नसते. जुन्या वाड्यात माजघर कसं असतं, चारही बाजूंनी घर आणि मध्ये ते, तसंच. पलंग, कपाट, आरसा, टीव्ही, एसी, स्वतंत्र संडास-बाथरूम हे सगळं बाहेरच्या साध्या खोलीत असतं तसंच असतं. जेवण तेच, कार्यक्रम तेच, पोहण्याचा तलाव तोच. जेवणाच्या हॉलमध्ये कुणी खोलीचा प्रकार विचारत नाही.

आकार मात्र आधी समजून घ्या. मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून फेऱ्या करू लागलेली ‘एम्प्रेस’ ही बोट १९९० सालची आहे, तेव्हा तिचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं. त्या काळातल्या बोटींवर आतली खोली साधारण १०-११ फूट बाय ११ फूट, बाथरूम धरून. नव्या बोटींवर १५० ते १८० चौरस फूट मिळते. दोन मोठ्या बॅगा जमिनीवर उघडून ठेवल्या की चालायला वाट राहत नाही. कपडे कपाटात लावा आणि रिकामी बॅग पलंगाखाली सरकवा.

खिडकीच नाही, तर जीव घाबरा नाही होत का?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर माणसामाणसाला वेगळं आहे.

हवेचं म्हणाल तर चिंता नको. छतातल्या नळीतून हवा सतत येत असते, खोली कोंदट होत नाही. उलट थंडीच वाजते. प्रश्न हवेचा नाही, मनाचा आहे. आपण विदर्भातले लोक. उन्हाळ्याचे तीन-चार महिने अंगणात नाही तर गच्चीवर खाट टाकून झोपायची सवय. डोळे उघडले की वर चांदण्या. त्या माणसाला एकदम बिनखिडकीच्या खोलीत झोपवलं, वर दार लावलं की चटकन बंद होणारं आणि जड, तर काहींना ते सोसत नाही.

माझ्या मामांना सोसलं नाही. जन्मभर शेतात राहिलेला माणूस. पहिल्या रात्री एकच्या सुमारास उठले, बोळात आले, जिना चढत चढत उघड्या डेकवर जाऊन खुर्चीत बसले. तिथल्या एका मुलाने त्यांना शाल आणून दिली. पहाटे मी शोधत गेलो तर ते त्या खुर्चीतच झोपलेले. मला म्हणाले, "पोरा, तिथं वारा येत नाही रे." तिकीट काढण्याआधी मी त्यांना एकदा विचारायला हवं होतं. वाचलेल्या पैशांपेक्षा त्यांची झोप मोठी होती.

म्हणून आता मी सगळ्यांना एक करायला सांगतो. जायच्या आधी घरीच एक रात्र सगळ्यांत आतल्या खोलीत झोपा. खिडकी असेल तर तिच्यावर सतरंजी लावा, दार लावा, दिवे बंद करा. मध्येच उठून बाहेर यावंसं वाटलं तर खिडकीची खोली घ्या, त्यात कमीपणा काही नाही. लिफ्टमध्ये घाम फुटतो, रेल्वेच्या वरच्या बर्थवर घुसमटतं, असं ज्यांचं होतं, त्यांनी ही परीक्षासुद्धा घेऊ नये. दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. खोलीत हवा भरपूर असते, पण घाबरल्यावर श्वास चढतो, आणि तेव्हा उघडायला खिडकी नसते.

आत अंधार किती असतो?

दिवा मालवला की आपला हात आपल्याला दिसत नाही. दाराखालून बोळातल्या उजेडाची एक बारीक रेघ येते, तेवढीच. बोळातले दिवे रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे त्या रेघेवरूनही वेळ कळत नाही.

माझी आई रोज साडेचारला उठते. गजर लागत नाही, कोंबडा लागत नाही. बोटीवरही उठली. तोंड धुतलं, लुगडं बदललं, वेणी घातली आणि पलंगाच्या काठावर पिशवी मांडीवर घेऊन उजाडायची वाट बघत बसली. साडेआठला माझ्या बायकोने दार वाजवलं तेव्हा ती तशीच बसलेली. म्हणाली, "अजून फटफटलं नाही ना वं?" तिथे बाहेर सूर्य हातभर वर आला होता.

यावर उपाय सोपा आहे. बहुतेक मोठ्या बोटींवर टीव्हीला एक चॅनल असतं, त्यात बोटीच्या पुढच्या टोकावरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसतो. झोपताना ते लावायचं आणि आवाज बंद करायचा. रात्री पडदा काळा राहतो, पहाटे राखाडी होतो, मग निळा. दुसऱ्या दिवशी आईला ते लावून दिलं, आणि फटफटायला लागल्याबरोबर तीच आम्हाला उठवायला आली. शिवाय एक लहानसा रात्रीचा दिवा सोबत ठेवा, बॅटरीचा असला तर उत्तम. रात्री बाथरूमला जाताना मोठा दिवा लावला की दुसऱ्याची झोपमोड होते.

रात्रपाळी करणाऱ्या किंवा तान्हं बाळ असलेल्या माणसांना हाच अंधार आवडतो. माझ्या ओळखीतल्या एका नर्सताई तिथून आल्यावर म्हणाल्या, अशी झोप वर्षात लागली नव्हती. तान्ह्या बाळांसाठी बोटीचा वयाचा नियम असतो, बऱ्याच बोटींवर सहा महिन्यांच्या आतलं बाळ चालत नाही, तेवढं आधी बघा.

पैसे खरंच वाचतात का?

वाचतात, पण जाहिरातीत दिसतात त्या हिशेबाने नाही. भाव विमानाच्या तिकिटासारखा रोज बदलतो, म्हणून पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी धरा.

समजा आतली खोली माणशी २०,००० आणि खिडकीची २५,०००. ‘माणशी’ हा शब्द नीट वाचा. तो भाव एका खोलीत दोघे राहणार असं धरून असतो. एकटा माणूस गेला तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्याचेही जवळजवळ पूर्ण पैसे भरावे लागतात. आता बंदराचं शुल्क आणि कर्मचाऱ्यांची बक्षिशी ही साध्या खोल्यांना सहसा सारखीच लागते. वरुडहून मुंबईचं तिकीट सारखंच, मुंबईतला चहा-नाश्ता, टॅक्सी, लॉज सारखंच. हा सगळा सारखा खर्च माणशी १०,००० धरला तर खरा सामना ३०,००० विरुद्ध ३५,००० असा होतो. कागदावर खिडकी चौथा हिस्सा महाग दिसत होती, पूर्ण सहलीत ती सहाव्या हिश्शाने महाग पडते.

दोघा नवरा-बायकोंना १०,००० रुपये. माझं मत विचाराल तर दोन रात्रींच्या सहलीत हे पैसे वाचवावेत. दोन रात्रींत खोलीत आपण असतो किती? जेवणं पाच-सहा, रात्री कार्यक्रम, गोव्यात उतरलं की दिवस तिथेच. त्या १०,०००मध्ये गोव्यात दिवसभराची गाडी होते, आदल्या रात्री मुंबईत धड लॉज होतो, आणि तरी उरतात. पण फरक दोन-तीन हजारांवर आला असेल तर खिडकी घ्या. पाच दिवस-सात दिवसांची सहल असेल तर माझा सल्ला बदलतो. तितके दिवस उजेडाशिवाय उठणं मला स्वतःला जड गेलं असतं.

मध्ये एक तिसरा प्रकार असतो. खिडकी असते पण तिच्यासमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते, म्हणून ती स्वस्त. समुद्र दिसत नाही, उजेड येतो. आतल्या खोलीपेक्षा थोडीच महाग मिळाली तर म्हाताऱ्या माणसांसाठी मी तीच घेतो.

मग खोली कुठली मागायची? नंबर आपल्याला निवडता येतो का?

येतो, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. खिडकी आहे की नाही यापेक्षा खोली कुठे आहे यावर झोप ठरते.

हे मी फसून शिकलो. पहिल्या वेळी एजंटने सांगितलं, नंबर नंतर मिळेल, सगळ्या खोल्या सारख्याच. अशा तिकिटाला ‘गॅरंटी’ म्हणतात. गॅरंटी फक्त आतली खोली मिळेल याची, कुठली मिळेल याची नाही. आम्हाला मिळाली ती तलावाच्या डेकच्या बरोबर खाली. रात्री बारापर्यंत डोक्यावर गाणी आणि पाय आपटणं. ते थांबलं, डोळा लागला, तर पहाटे पाचला सफाईवाल्यांनी खुर्च्या ओढायला सुरुवात केली. लोखंडी छतावरून खुर्ची ओढल्याचा आवाज खाली कसा येतो, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी गोव्यात मंडळी देवळाच्या ओट्यावर पेंगत होती.

तेव्हापासून मी आधी बोटीचा नकाशा मागतो. त्याला डेक प्लॅन म्हणतात, कंपनीच्या वेबसाइटवर असतो, एजंट मोबाइलवर पाठवू शकतो. ज्या मजल्यावर खोली आहे, त्याच्या वरचा आणि खालचा मजला शेजारी ठेवून बघायचा. वरही खोल्या, खालीही खोल्या, ती जागा चांगली. वर तलाव, जेवणाचा हॉल, स्वयंपाकघर किंवा खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर सोडा. लिफ्टच्या अगदी समोरची नको, चार-पाच दारं पलीकडची चालेल. अगदी पुढच्या टोकाला खालच्या मजल्यावर नांगराची साखळी सुटते तेव्हा झोपलेला माणूस उठून बसतो, आणि अगदी मागे इंजिनाची थरथर लागते. दोन खोल्यांच्या मध्ये दार असलेली खोली एकत्र कुटुंबाला सोयीची, पण शेजारी अनोळखी लोक असतील तर त्यांचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू येतं.

गॅरंटीचं तिकीट वाईटच असं नाही. तरुण पोरं असतील, कुठेही झोपणारी, तर घ्यावं, स्वस्त पडतं. बरोबर आई-वडील असतील तर थोडे जास्त देऊन नंबर लिहून घ्या. आणि "ऐन वेळी बाल्कनी फुकट मिळते" असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर तिकीट काढू नका.

आतल्या खोलीत जास्त मळमळते म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. एसटीची मागची सीट आठवा. तोच खड्डा, पण पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये बसलेल्याला कमी लागतो आणि मागच्याला उडवतो. बोटही तशीच. ती पुढे-मागे झुलते तेव्हा दोन्ही टोकं जास्त वर-खाली होतात, मधला भाग कमी. डाव्या-उजव्या अंगावर कलते तेव्हा कडा आणि वरचे मजले जास्त हलतात. आतली खोली बोटीच्या मध्यरेषेजवळ असते, म्हणून खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मधोमध असलेली आतली खोली सगळ्यांत कमी हलते.

उरलेलं अर्धं असं की मळमळ सुरू झाली की नजर दूर क्षितिजावर लावायची असते, आणि ते आतून दिसत नाही. डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हलणं कळतं, दोघांचं जुळत नाही म्हणून पोट ढवळतं. तेव्हा खोलीत पडून राहू नका, डेकवर जा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून बोट सुटायच्या आधी घ्या. आल्याचा तुकडा, आवळा सुपारी जवळ असू द्या. रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो.

कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारी-फेब्रुवारी. अरबी समुद्र तेव्हा बराच शांत असतो, आणि आपल्याकडेही आंबिया बहाराची संत्री निघालेली असतात. मे उजाडला की समुद्र खवळायला लागतो, पावसाळ्यात मुंबईच्या फेऱ्या बंद असतात. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांत आतली खोलीसुद्धा महाग होते.

आम्ही चौघं आहोत. एकाच खोलीत भागेल ना?

भागेल. पलंग दोन, बाकीचे दोन बर्थ भिंतीतून किंवा छतातून रेल्वेसारखे खाली येतात, शिडीने चढायचं. तिसऱ्या-चौथ्याला तिकीट कमी लागतं म्हणून मोह होतो. दोन लहान मुलं असतील तर करा. चौघं मोठी माणसं असतील तर करू नका. सकाळी एका बाथरूमसाठी रांग, आणि बर्थ खाली असताना पलंगावर धड बसता येत नाही, डोकं आपटतं. समोरासमोरच्या दोन आतल्या खोल्या मागा. कधीकधी दोन आतल्या खोल्यांचे पैसे एका बाल्कनीच्या खोलीच्या आसपास जातात. दोन बाथरूम मिळतात, बायका एका खोलीत, पुरुष एका खोलीत, आपल्याकडच्या मोठ्या कुटुंबांना हे फार सोयीचं.

सासऱ्यांचे गुडघे दुखतात. त्यांना जमेल का?

लिफ्ट असते, जिने चढावे लागत नाहीत. पण बाथरूमच्या दाराला उंबरठा असतो, चार-सहा इंचांचा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. अंधारात म्हातारी माणसं तिथेच अडखळतात. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून चार वेळा ओलांडून घ्या. संडास कमोडचा असतो आणि पाणी सोडलं की मोठा ‘धस्स’ असा आवाज होतो, त्याची त्यांना आधी कल्पना द्या. प्लॅस्टिकचा एक मग सोबत ठेवा. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी उंबरठा नसलेल्या, मोठ्या दाराच्या खोल्या असतात, पण त्या मोजक्या असतात, म्हणून फार आधी सांगावं लागतं.

नवीन लग्न झालेल्या पोरा-पोरीला आतली खोली घ्यावी का?

जमत असेल तर बाल्कनी घेऊन द्या. हे दिवस परत येत नाहीत.

काही झालं, आग लागली, तर आतल्या खोलीतून बाहेर कसं पडणार?

भीती साहजिक आहे. पण खालच्या मजल्यांवरच्या बाहेरच्या खोल्यांच्या खिडक्याही उघडत नाहीत, पक्क्या बसवलेल्या असतात. सुटकेची वाट सगळ्यांना एकच, दारातून बोळात आणि बोळातून जिन्याने ठरलेल्या जागी. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये जहाजांवरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो पुढे वाढत गेला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया उलटली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कित्येकांची सुरक्षेची तालीम व्हायचीच होती, कारण तेव्हा ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. २०१५ पासून नियम असा की तालीम बोट सुटण्याआधी किंवा सुटता सुटता घ्यायचीच.

त्या तालमीला आपली माणसं टाळाटाळ करतात, जेवणाची रांग धरतात. तसं करू नका. दारामागे नकाशा असतो, तो सगळ्यांनी वाचा. मग खोलीतून बाहेर येऊन भिंतीवर हात ठेवून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजा. धुरात बोळाच्या खालच्या बाजूला चमकणाऱ्या पट्ट्या वाट दाखवतात, पण मोजलेली दारं डोक्यात असली की माणूस गडबडत नाही. आम्ही प्रत्येक वेळी मोजतो. लहान मुलांना हा खेळ वाटतो आणि त्यांच्याच लक्षात सगळ्यांत जास्त राहतं.

काही बोटींवर आतल्या खोलीतही समुद्र दिसतो म्हणे?

परदेशातल्या मोठ्या बोटींवर, हो. डिस्नेने २०११ मध्ये ‘डिस्ने ड्रीम’ या बोटीवर आतल्या खोल्यांत गोल पडदा बसवला, त्यात बाहेरच्या कॅमेऱ्यातलं दृश्य दिसतं. पुढे रॉयल कॅरिबियनने जमिनीपासून छतापर्यंतचा पडदा आणला, आभासी बाल्कनीच. त्याच कंपनीच्या १९९९ च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर काही आतल्या खोल्यांना खिडकी आहे, पण ती बोटीच्या आतल्या बाजारपेठेकडे उघडते. सिंगापूर-युरोपकडे निघाला असाल तर एजंटला विचारा.

सोबत काय न्यावं?

चादर किंवा शाल. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हूक चिकटतात, टोप्या, पिशव्या, ओळखपत्रांची माळ त्यांवर टांगता येते. जागा तिथेच वाचते. सॉकेटचा प्रकार विचारून अॅडॅप्टर घ्या. इस्त्री, पाणी तापवायची किटली, हीटर चालत नाहीत, काढून घेतात. घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक ठिकाणी चढू देत नाहीत, बंद पाकिटातला चिवडा-बिस्किटं चालतात.

मोबाइल विमान मोडवर टाका. किनारा सुटला की रेंज जाते, आणि मोबाइलने बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडलं तर बिल फार मोठं येतं. आतल्या खोलीत तर बंदरात असतानाही रेंज नीट येत नाही. म्हणून कोण कुठल्या खोलीत आहे आणि जेवायला कुठे भेटायचं, हे आधीच ठरवून कागदावर लिहा.

वरुडहून कसं जायचं?

अमरावतीला एसटीने, तिथून रात्रीची अमरावती-मुंबई एक्सप्रेस, ती सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते. बंदर बॅलार्ड पियरला, टॅक्सीने थोडक्यात. पण माझा आग्रह आदल्या दिवशी पोहोचण्याचा आहे. गाडीला कधी चार तास उशीर होतो आणि बोट कुणासाठी थांबत नाही. आतल्या खोलीचे वाचलेले पैसे इथे खर्च करा.

खोलीतून नाही, मग समुद्र बघायचा कुठून?

डेकवरून, आणि पोटभर. गोव्याकडे जाताना बोटीचं तोंड दक्षिणेला असतं, म्हणून सूर्य डाव्या अंगाला, किनाऱ्याच्या बाजूने उगवतो आणि उजव्या अंगाला समुद्रात मावळतो. परतताना याच्या उलट. जानेवारीत तिथे आपल्या वरुडपेक्षा थोडं उशिरा उजाडतं, सातच्या आसपास. साडेसहाला वर जा. त्या वेळी डेकवर फारसं कुणी नसतं, कठड्याजवळच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि चहाचं यंत्र सुरू झालेलं असतं. आईला दुसऱ्या दिवशी तिथेच बसवली होती. चहा निवून गेला, तिने कप उचललाच नाही.